नऊ भाषांचं गाव… आणि आमचं स्वयंपाकघर

गेल्या रविवारी घरातच माझी फजिती झाली. फजिती तरी कशाला म्हणू… लाज वाटली. अजून वाटतेय.

आमचं गाव आष्ट्याजवळ. ग्रामपंचायत गावाची माहिती देणारी एक छोटी पुस्तिका काढतेय आणि 'गावात कोण कोण राहतं' हा भाग माझ्याकडे आला. मी पडले शिक्षिका… वही घेतली आणि घरोघरी फिरले.

खरं सांगते, मजा आली. आपण 'सगळे आपलेच' म्हणून मोकळे होतो, पण पंक्चरवाल्या अण्णांच्या घरी मल्याळम, चायनीजच्या गाडीवाल्याच्या घरी नेपाळी, गुऱ्हाळावरच्या दोन कुटुंबांत भोजपुरी. गवंड्यांची तिसरी पिढी इथे जन्मली, तरी आजी नातवाला कन्नडमध्येच रागावते.

वडार गल्लीत एक कॉलेजचा मुलगा म्हणाला, मॅडम, आमचं मराठीच लिहा. मी तिथेच त्याला लेक्चर दिलं, घरच्या भाषेची लाज कसली बाळगतोस म्हणून. तो बिचारा खाली मान घालून 'वडारी' म्हणाला. मी लिहून घेतलं आणि पुढच्या घरी गेले.

शनिवारी इथेच पोस्ट टाकली होती, आठवत असेल… 'आमच्या एवढ्याशा गावात नऊ भाषा!' तुम्ही भरभरून लाइक दिले. कोरेगावच्या माझ्या बहिणीने तर 'अभिमान वाटतो' असं लिहिलं.

रविवारी सकाळी मी आणि माझी धाकटी जाऊ मनीषा स्वयंपाकघरात होतो. मी मटार सोलत होते, ती मोबाईलवर माझी पोस्ट वाचत होती. मराठी वाचायला मीच शिकवलंय तिला, हे मी चारचौघांत आवर्जून सांगते.

ती म्हणाली, "आक्का, नऊ न्हाईत. धा हाईत."

मला वाटलं मोजण्यात चूक झाली. उठून वही आणली, पुन्हा मोजलं… नऊच. तेव्हा तिने शांतपणे विचारलं, "आपल्या घरातली धरली का?"

आता तुम्हाला सांगायलाच हवं. मनीषा ओडिशाची आहे. अकरा वर्षांपूर्वी दिरांना मुलगी मिळत नव्हती. ऊस होता, विहीर होती, पण मुलींना नवरा पुण्यात हवा होता… मग एका ओळखीच्या माणसाने हे लांबचं स्थळ आणलं.

पाहुण्यारावळ्यांत नाचक्की नको म्हणून आम्ही सांगत आलो की ती निपाणीकडची. मराठी अडखळली की आम्हीच पुढे होऊन सांगायचो, सीमाभागातली आहे हो. लग्नात तांदळात लिहायचं 'मनीषा' हे नावही मीच सुचवलं होतं.

आणि वहीत? गावातली सगळी घरं मी विचारून लिहिली. आमचं घर मात्र विचारलंच नाही. सात माणसं, मराठी… झालं.

रोज सकाळी ती लेकीची वेणी घालताना काहीतरी पुटपुटते. मला इतकी वर्षं वाटत आलं की देवाचं म्हणत असेल. आता कळलं, ती लेकीशी ओडियात बोलत होती… पोरगी तिला उत्तरंही देत होती!

मी तिला माहेरचं नाव विचारलं. कधीतरी ऐकलं होतं, विसरले होते. ती म्हणाली, मिनती.

वहीत दहावी भाषा लिहायचं चाललंय, हे सासूबाईंच्या कानावर गेलं. इतकी वर्षं झाकलं, आता छापून गावभर करू नको, पोरीच्या लग्नात आडवं येईल, असं त्यांचं म्हणणं. आणि मी… मीही म्हणाले, बघू.

तेव्हा मनीषा पहिल्यांदा माझ्यावर रागावली. आतून लेकीची निबंधाची वही आणून माझ्यापुढे ठेवली. चौथीतली पोर, विषय 'माझे आजोळ'. निपाणीतलं कौलारू घर, दारात आंबा, लाड करणारे मामा… सगळं छान लिहिलं होतं.

"कवा बघितलीया तिनं निपाणी?" ती म्हणाली. "माझा भाऊ तिकडनं फोन करून करून दमला, भाचीला बघायचं म्हणतोय. आनि तुमी मास्तरीन, तुमीच हिला खोटं लिवाय शिकवताय?"

त्या निबंधातल्या वेलांट्या मीच दुरुस्त केल्या होत्या. खाली 'शाब्बास' असं लिहिलं होतं, लाल पेनाने. त्या वडाराच्या पोराला मी कुठल्या तोंडाने शिकवायला गेले होते, देव जाणे.

सोमवारी वहीत आमच्या घराची ओळ खोडून नव्याने लिहिली… मराठी, ओडिया. छापायला गेलेल्या कागदांत आता दहा भाषा आहेत. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, आणि खरं सांगते, त्याची मला भीतीही वाटते.

ही पोस्ट टाकण्याआधी तिला वाचायला दिली. गोष्ट तिची आहे, आणि अकरा वर्षांत मी तिच्याकडे मागितलेली ही पहिलीच परवानगी असेल. तिने दोनदा वाचली, मोबाईल परत दिला.

म्हणाली, "टाका. पर मला बिचारी करू नगा."

पहिल्या मसुद्यात मी तिला तीन ठिकाणी 'बिचारी' म्हटलं होतं. तिन्ही काढले आहेत.