कडी

"सर, कडी लावू नगा!"

माहूरकडच्या डोंगरातली आमची शाळा. तिथं कुणाचाही हात दाराच्या कडीकडे गेला, की व्हरांड्यातून हा आवाज यायचाच. आवाज खिचडी शिजवणाऱ्या मावशींचा. नुसतं ओरडून त्यांचं भागत नसे. तांदूळ निवडायचे सोडून उठायच्या आणि दाराला काळा दगड लावून जायच्या. वाऱ्यानं माझे कागद उडेनात का, दार उघडं पाहिजे.

मावशी लातूरकडच्या. भूकंपात दगडमातीचं घर बसलं, कडी आतून अडकली आणि धाकटी बहीण आतच राहिली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भांडी घासता घासता.

मी भूगोलाचा मास्तर, गप्प कसा बसणार? म्हटलं, "मावशी, तुमच्याकडं खोल काळी माती. इथं वीतभर माती, खाली मुरूम, त्याच्याखाली नुसता काळा खडक. घट्ट जागा आहे."

"त्याचंच भेव हाय, सर. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, दिसते तरी. ह्यो खडक काय बी सांगत न्हाई."

मी हसलो. पण पलीकडच्या खदानीत सुरुंग उडाला की त्या हातातला डाव तसाच धरून उभ्या राहायच्या, आणि खरं सांगतो, पुढंपुढं माझाही खडू फळ्यावर थांबायला लागला. तुमचाही थांबला असता.

एका सकाळी सुरुंग नसताना जमीन गुरगुरली. तावदानं खडखडली. पोरं किंचाळत बाहेर पळाली. मावशी मात्र दारातच. पाठीनं दार उघडं रेटून धरलेलं, डोळे गच्च मिटलेले.

"मावशी, बाहेर या!"

"आधी लेकरं मोजा!"

मोजली. सगळी होती. भिंतीला तडासुद्धा गेला नव्हता. मावशींनी मात्र त्या दिवशी चूल पेटवली नाही, दाराला दगड लावून तिथंच बसून राहिल्या.

गेल्या हिवाळ्यात त्या मुदखेडला लेकीकडं गेल्या आणि तिथंच वारल्या. मी गेलो तेव्हा त्यांना आतल्या खोलीत ठेवलं होतं. मी आत जाऊन बसलो. बाहेर बघ्यांची गर्दी. कुणीतरी वैतागून दार लोटलं आणि आतून कडी घातली.

"कडी लावू नगा!" मी ओरडलो.

सगळे माझ्याकडं बघत राहिले. लेक उठली. रडत रडत तिनं कडी काढली आणि दारामागं सारलेला आईचा वरवंटा उचलून पुन्हा दाराला लावला.