धामच्या काठावरच्या चपला

पंचनामे आणि जबाब यांपलीकडे मी आयुष्यात काही लिहिलेले नाही. निवृत्तीनंतर या वयात लेखणी उचलण्याचे धाडस करतो आहे, त्याबद्दल वाचकांची प्रथम क्षमा मागतो. पण एक प्रकरण अद्याप मनातून उतरत नाही. त्याचा तपास पूर्ण झाला. उलगडा झाला, असे मात्र म्हणवत नाही.

मी मूळचा कोकणातला. त्या वेळी वर्धा जिल्ह्यातील एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी पवनारच्या चहावाल्याचा फोन आला. रामटेकला पायी निघालेल्या जत्थ्यातील दोन म्हातारे धाम नदीच्या काठावर कडाकडा भांडले होते. जत्था पुढे गेला, त्यात एकच म्हातारा दिसला. दुसऱ्याच्या चपला काठावर पडल्या होत्या.

पोहणारे नदीत उतरवून आम्ही सेलूच्या रस्त्यावर जत्था गाठला. भांडणारे सख्खे भाऊ होते. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्यांचा दावा कोर्टात चालू होता. बेपत्ता असलेल्या थोरल्याचा नंबर जत्थ्याकडून घेऊन लावला, तर फोन धाकट्याच्या खांद्यावरच्या पिशवीत वाजला. पिशवीही थोरल्याचीच होती. खुनाचा गुन्हा दाखल करावा लागणार, असे मला वाटू लागले.

रस्त्यालगतच्या एका देवळाच्या मंडपात चौकशी सुरू केली.

"भाऊ कुठे आहे?"

"येईन तो, साहेब."

"कुठून?"

"येईन."

आमचे हवालदार तापले. "काऊन बे बुढ्या, मूग गिळले काय? जेलात जाशीन ना!"

"जाईन," धाकटा म्हणाला आणि मान खाली घालून बसला. खोटे बोलणारा माणूस पुष्कळ बोलतो, हा माझा अनुभव. हा बोलतच नव्हता. इतरांना विचारले, तर तेही देवळाच्या खांबाकडे पाहू लागले.

जत्थ्याची प्रमुख असलेली म्हातारी मला म्हणाली, "जेवा आधी, साहेब. उपाशी मानसाले काई समजत नाई."

जेवताना मी धाकट्यावर नजर ठेवली. त्याने भाकरीचे दोन भाग केले. एक खाल्ला, दुसऱ्यावर झुणका ठेवून तो फडक्यात बांधला आणि थोरल्याच्या पिशवीत नीट ठेवला. ज्याला आपण नदीत ढकलले, त्याच्यासाठी कोणी भाकरी राखून ठेवील काय?

मी म्हातारीजवळ जाऊन विचारले, "आजी, गाडी पुढे नेऊ की मागे?"

"मी का सांगू? आमाले मागं पाहाची मनाई हाये. तुमाले नाई."

गाडी मागे वळवली. वर्ध्याच्याही पलीकडे, त्यांच्या गावाच्या शिवेवरील दगडाला हात टेकून थोरला बसला होता. पाय अनवाणी आणि सुजलेले. त्याच्याकडून जत्थ्याचा नियम कळला. वाटेत जो पहिली शिवी देईल, त्याने तिथेच चपला काढायच्या, सामान सोबत्याकडे द्यायचे, अनवाणी शिवेपर्यंत परतायचे आणि एकट्याने पुन्हा निघायचे. तो जत्थ्याला येऊन मिळेपर्यंत तो कुठे आणि का गेला, याविषयी कोणी अवाक्षर काढायचे नाही. काढले तर त्याची यात्रा बुडाली.

"म्हणजे पहिली शिवी तुम्ही दिली?"

"मी नाई. त्यानं देल्ली. माह्या मायवरून!" मग तो हसला. "त्याची माय थेच हाये, हे इसरला बैताड."

"मग परत तुम्ही का आलात?"

"त्याच्या पायाले छाले हायेत, साहेब. त्याच्यानं झालं नसतं."

मी त्याला गाडीत बसायला सांगितले. "गाडीतच बसाचं होतं, त चाललो कायले?" असे म्हणून तो उठला. मी नदीतला शोध थांबवायला सांगितले, त्याचा जबाब लिहून घेतला आणि जाता जाता सहज म्हणालो, "आता धुऱ्याचेही मिटवून टाका."

त्याचा चेहरा एकदम कठोर झाला. "धुरा? वीतभर नाई सोडनार मी."

पुढे दोघांची यात्रा पूर्ण झाली. त्यानंतर त्यांच्या दाव्याच्या तारखेला मी दुसऱ्या कामासाठी न्यायालयात गेलो होतो. तिथे ते दोघे आपापल्या वकिलामागे उभे होते, एकमेकांकडे न पाहता. धाकट्याच्या पायात थोरल्याच्या त्या नदीकाठच्या चपला होत्या. पंचनाम्यात मीच त्यांचे वर्णन लिहिले होते आणि नंतर त्या थोरल्याला परतही मीच केल्या होत्या, त्यामुळे ओळखण्यात चूक होणे शक्य नव्हते. त्या धाकट्याकडे कशा आल्या, हे विचारण्याचा धीर मला झाला नाही.

वैर दिसले की त्यातून गुन्ह्याचा हेतू काढायचा, हे मला शिकवलेले होते. त्या दिवसापासून तसे करताना हात अडखळू लागला. त्याच्या जागी काय मानावे, ते मात्र कळले नाही. भावाच्या वाट्याची शिक्षा जो माणूस आपल्या पायांनी भोगतो, तोच त्याला वीतभर जमीन का देत नाही? आपल्याला हे समजते का?