मूर्च्छनेचे दोन अर्थ

गाण्याच्या बाई फळ्यावर 'मूर्च्छना' हा शब्द लिहीत होत्या, तेव्हाच त्या पहिल्यांदा कोसळल्या. शुद्धीवर आल्या तर डोक्याखाली कुणाचं तरी दप्तर आणि वर्गातल्या मुली भिंतीला चिकटून उभ्या. एक जण रडत म्हणाली, "बाई, हे शिकवण्यातलंच होतं ना?"

बाईंनी हसण्यावारी नेलं खरं, पण त्या दिवसापासून भीतीने त्यांच्या घरात बिऱ्हाड थाटलं. त्यांची आईही अशीच दोनदा पडली होती. तिसऱ्यांदा उठलीच नाही. बाई अंघोळीला कडी लावीनात. जिन्याचा कठडा असा आवळून धरत की तळहातावर वळ उठे. शेजारी राहणाऱ्या धाकट्या बहिणीला मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

धडा अर्धाच राहिला होता. आठवडाभर त्यांनी तो टाळला. शेवटी मुलीच मागे लागल्या, तेव्हा त्यांनी पेटी पुढे ओढली.

"स्वर तेच सात. सा पासून ओळीने चढलात की एक मूर्च्छना. तेच स्वर रे पासून चढा, की दुसरी." त्यांनी वाजवून दाखवलं. पट्ट्या त्याच, पण सुरांचा चेहरामोहरा पालटला.

"पण बाई, मूर्च्छा म्हणजे बेशुद्ध पडणं ना?"

"हो. संस्कृतात त्या धातूचे दोन अर्थ. एक, भान हरपणं. दुसरा, दाट होणं, वाढत, पसरत जाणं. गाण्यातला शब्द या दुसऱ्या..."

पुढचं वाक्य त्यांना आठवत नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचं हृदय मधेच चार-चार सेकंद थांबतंय. छातीत छोटं यंत्र बसवावं लागेल."

बहीण भडकली. "आणि तू मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर ते खरं झालं असतं गं."

बहिणीचा राग तिथेच विरघळला. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत तिने ताईचा हात सोडला नाही. आत जाताना बाईंच्या दातांवर दात आपटत होते.

महिन्याभराने त्या वर्गावर आल्या आणि राहिलेल्या पाच मूर्च्छना त्यांनी शिकवल्या. तरी खुर्ची सोडून उभ्याने शिकवायचं धाडस व्हायला पुढची दोन वर्षं गेली.