हत्तीची लग्नपत्रिका

मुलगी चार महिन्यांची असताना तिला लस टोचायला नेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतापासूनच रोज मोठ्यानं वाचून दाखवत जा. तिला काय कळतंय, असं समजू नका." मी शाळेत मराठी शिकवते. तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते आणि घरात बसून इतकी कंटाळले होते की, कुणी काहीतरी अभ्यास द्यावा याचीच वाट बघत होते. तिथूनच रिक्षा औरंगपुऱ्याकडे वळवली.

पुस्तकांच्या दुकानातल्या काकांनी विचारलं, "बच्चा कितने साल का?"

मी हातातलं दुपट्याचं गाठोडं दाखवलं. काकांनी वाकून आत बघितलं. म्हणाले, "मॅडम, दाँत तो आने दो."

तरी मी हत्तीचं एक कापडी पुस्तक घेतलंच. रोज सकाळी न्हाऊ-धुरी आटोपली की मी तिला पुढ्यात घेऊन, वर्गात वाचते तशी, स्पष्ट उच्चारांत वाचायला लागले. "हा हत्ती आहे. हत्ती मोठा आहे. हत्ती पाणी पितो." ती पंख्याकडे बघायची. मी पंखा बंद केला. ती बंद पंख्याकडे बघायला लागली. आवाज चढवला तर रडली, उतरवला तर झोपली. हत्तीचा कान तेवढा तिला आवडला. तो तिनं चोखून चोखून पांढरा केला.

अशात सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. आबा वैजापूरच्या बाजूचे, कांदा-कपाशी करणारे. माझा वाचनाचा कार्यक्रम बघून त्यांना हसू आवरेना.

"आता ही परीक्षेला बसायची का काय?"

"आबा, कानावर शब्द पडले पाहिजेत."

"शब्द व्हय? मग आमची म्हैस पंडित झाली असती. मी दिसभर तिच्याशीच बोलतो."

ऑपरेशन झालं, नवा चष्मा आला आणि आबांना अक्षरं लख्ख दिसू लागली. आबांना मनातल्या मनात वाचता येत नाही. डोळ्यांसमोर अक्षर आलं की ते तोंडातून बाहेर पडतंच. साबणाचं वेष्टन, शेजाऱ्यांच्या दारावरची पाटी, दुधाची पिशवी, सगळं ते मोठ्यानं वाचायचे. लग्नसराई सुरू होती. गावाकडून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती त्यांच्या नावच्या पत्रिका यायच्या. एका सकाळी मुलगी माझ्या हत्तीसमोर हात-पाय झाडत रडत होती आणि पलीकडे खुर्चीत आबांनी पत्रिका उघडली.

"आमच्या येथे, कुलदैवताच्या कृपेनं..."

मुलीचं रडणं थांबलं.

आबांचं अर्धं आयुष्य मोंढ्याच्या बाजारात लिलावाची बोली ऐकण्यात गेलंय. वाचताना तोच ठेका लागतो. वराचे मामा, वराचे चुलते, माजी सरपंच, पोलीस पाटील, सोसायटीचे चेअरमन, एकेक माणूस ते पोतं उतरवल्यासारखं दणकन खाली ठेवत होते. मुलगी तोंड उघडं ठेवून ऐकत होती. शेवटी "आणि समस्त गावकरी मंडळी!" म्हणून त्यांनी दम सोडला, तशी ती खिदळली. पहिल्यांदाच, अशी आवाज करून.

"बगितलं का? हिला माणसं लागतेत, जनावरं नाय," आबा म्हणाले.

मला राग आला. खरं सांगायचं तर माझा जळफळाट झाला. दुसऱ्या दिवशी सगळे झोपलेत असं बघून भर दुपारी मी तीच पत्रिका त्याच ठेक्यात वाचायचा प्रयत्न केला. मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि जांभई दिली. आतल्या खोलीतून आबा म्हणाले, "चेअरमनला जरा वजन दे, पोरी."

मग मीच तडजोड केली. म्हटलं, वाचायचं तर पुस्तक वाचा. आबांनी हत्तीचं पुस्तक उलटसुलट करून पाहिलं. "पाणी पितो. बरं, मग? कुणाचा कोण हा? पाव्हणे-रावळे काहीच नाय?" मग मुलीला मांडीवर घेऊन त्यांनी चष्मा सारखा केला आणि जे छापलेलंच नव्हतं ते वाचायला लागले. "आमच्या येथे चिरंजीव हत्ती, राहणार पाचोड, यांचा शुभविवाह, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी म्हैस हिच्याशी करण्याचे योजिले आहे! निमंत्रक, हत्तीचे मामा गेंडा!" मुलगी चेकाळली. पुस्तक संपेपर्यंत रेडा, उंट, पाचोडच्या बाजारातल्या झाडून सगळ्या शेळ्या, सगळे विनीत झाले होते.

ती आठ महिन्यांची झाली तेव्हा वैजापूरला आबांच्या पुतण्याचं लग्न निघालं. मंडपात एवढी गर्दी, एवढा बँड, मला वाटलं पोरगी घाबरणार. ती मुकाट अंगठा चोखत होती. मुहूर्ताआधी माइकवर एक गृहस्थ आले आणि पाहुण्यांची नावं पुकारायला लागले. आपल्याकडे हे काम करणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. लोक आपापसांत बोलत असतात, अर्धे जेवणाच्या रांगेचा अंदाज घेत असतात.

"माजी सरपंच..."

माझ्या कडेवरून किंकाळी फुटली. आनंदाची.

"सोसायटीचे चेअरमन..."

आणखी मोठी किंकाळी. चार रांगा मागं वळल्या. माइकवाल्यांनीही मान उंचावून पाहिलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणी दाद दिली असावी. ते फुलले. यादीतली माणसं संपल्यावर त्यांनी गर्दीतली शोधून पुकारायला सुरुवात केली. ट्रॅक्टरवाले झाले, मंडपवाले झाले, आचारी झाले. दर नावाला मुलगी टाळ्या पिटत होती आणि आता मंडपही हसत होता. अंतरपाट धरलेल्या दोघांचे हात दुखायला लागले. गुरुजी घड्याळ दाखवत होते. शेवटी नवरदेवच अंतरपाटावरून डोकावून ओरडला, "काका, त्या पोरीला बाहेर न्या, नायतर माझं लग्न लागत नाय!"

आबांनी तिला माझ्याकडून घेतलं आणि मंडपाबाहेर नेलं. अक्षता मी एकटीनंच टाकल्या. बाहेर आले तर आबा एका जीपच्या मागं उभे राहून तिला गाडीचा नंबर, मालकाचं नाव आणि खालचा सुविचार ठेक्यात वाचून दाखवत होते. जीपचा मालक चावी हातात घेऊन, वाचन संपायची वाट बघत थांबला होता.

आता ती साडेतीन वर्षांची आहे. बालवाडीच्या बाईंनी परवा मला बोलावून घेतलं. "तुमची मुलगी हुशार आहे हो, पण गोष्ट पुढं जाऊ देत नाही. मी म्हणते, एक ससा होता. ही विचारते, कुणाचा? त्याचे मामा कोण? चुलते कुठं राहतात? सगळा वर्ग तेच विचारायला लागलाय."

"मग तुम्ही काय करता?"

बाई जरा संकोचल्या. "काय करणार? सांगते. सशाचं आजोळ पैठणला दिलंय."