पिकायची वाट न पाहणारी आक्का

सुईत पहिल्या झटक्यात दोरा ओवणारी आक्का दारात बांधलेल्या म्हशीला मात्र धडकत असे. समोरचं तिला केसाइतकं बारीकही दिसे. बाजूचं जग काचबिंदूने कडेकडेने खाऊन टाकलं होतं. तुमच्याकडे बघायचं तर ती अख्खा चेहरा वळवून तुम्हाला शोधून काढी, आणि एकदा सापडलात की सोडत नसे.

तिचं सासर-माहेर एकच, तापीकाठचं आमचं केळी-कापसाचं गाव. दिसेनासं झालं तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, मोतीबिंदू असेल, पिकू दे, मग काढू. तिने तीन वर्षं पिकू दिला. मग कुठल्याशा शिबिरात डॉक्टर म्हणाले, हा काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांनी राखता येते. सख्ख्या भावंडांचे डोळे मात्र लगेच तपासून घ्या.

आक्काला सख्खा भाऊ एकच. गावाचे नानासाहेब, सोसायटीचे चेअरमन, तिचा नान्या. त्याचं उत्तर ठरलेलं असे. "आक्का, माले समदं दिखस." तिचंही ठरलेलं. "माले बी दिखे रे. तवयच मी आंधयी व्हई ऱ्हायंती."

तो ऐकेना म्हणून तिने गावाला धरलं. सकाळी दूध डेअरीवर रांग लागली की ही तळ काढलेले कागदी चहाचे कप घेऊन हजर. ते दोन्ही डोळ्यांना लावायचे आणि चालून दाखवायचं. भलेभले दुधाच्या कॅनवर आपटत. "काचबिंदू असाच शे. फक्त कप दिखत नही," एवढंच तिचं भाषण. कुणी 'पिकू द्या'ची भाषा काढली की ती विचारी, "केयना घड हिरवा काढस ना रे? मंग डोया पिकानी वाट का देखस?" आमच्याकडे केळीचा घड हिरवाच ट्रकमध्ये चढतो.

मी तेव्हा तिथल्या शाळेत शिक्षक, म्हणजे गावातल्या प्रत्येक कार्यक्रमाचा आपोआप सूत्रसंचालक. शिबिरांविषयी माझं मत फारसं बरं नव्हतं. रुग्णांपेक्षा हार जास्त आणि तपासणीपेक्षा प्रास्ताविक लांब. आक्काने गावात दरवर्षी भरवायला घेतलेलं नेत्रतपासणीचं शिबिरही निराळं नव्हतं. नानासाहेब फीत कापत, दृष्टीच्या महत्त्वावर अर्धा तास बोलत, शाल घेत, आणि डोळे तपासायच्या यंत्राच्या वाटेला न जाता जीपमध्ये बसत. तिसऱ्या वर्षी मी वैतागून विचारलं, "दर वेळी त्यांनाच कशाला बोलावता?"

"मास्तर, मी हाई समदं कोनासाठे करस? बाकीनं गाव त्याना निमित्तनी तपाशी लेस."

"आणि त्यांचे डोळे चांगले निघाले तर?"

"तर मी खोटी पडनू. गावभर पेढा वाटसू."

चौथ्या वर्षी फीत नव्हती. व्यासपीठावर हारांच्या जागी यंत्र मांडलं होतं. आक्काने माझ्या हातातला माईक काढून घेतला. "औंदा उद्घाटन कैचीवरी नही. चेअरमनसाहेब यंत्रवर हनुवटी ठेवतीन, मंग शिबिर चालू व्हई." टाळ्या पडल्या. टाळ्यांना नाही म्हणणं नानासाहेबांना आयुष्यात जमलं नव्हतं. मागून कुणीतरी ओरडलं, "चेअरमन, उगाच भाषन नका ठोका तठे!" गाव हसलं. नानासाहेब बहिणीच्या कानाशी लागले, "लोकेस्नामोरे हाई काय लाई ऱ्हायनी तू?"

"नान्या, बठ."

तो बसला.

तालुक्याहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला. पुन्हा मोजला. मग दिव्याने डोळ्यात आत बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या की दाब वाढलेला आहे, नस थोडी सुकली आहे, उद्याच मोठ्या डॉक्टरांकडे जा.

आक्काने एकच विचारलं. "कितलं उरनं शे?"

"बरंच आहे, आजी."

तिने टेबलाची कड घट्ट धरली. ज्या पेढ्यांची ती चार वर्षं वाट बघत होती, ते आता वाटायचे नव्हते. मी त्या व्यासपीठावर अनेक थोर माणसांची ओळख करून दिली आहे. त्या क्षणी तिच्या शेजारी उभं राहायलाही मला संकोच वाटला. मग तिने अख्खा चेहरा गर्दीकडे वळवला. "पुढला कोन शे? चला." त्या दिवशी तंबाखूला चुना लावायला बाजूला गेलेली मंडळीसुद्धा परत येऊन रांगेत उभी राहिली.

नानासाहेब चार महिने तिच्याशी बोलले नाहीत. ती रोज भावजयीला विचारी, थेंब टाकले का? टाकले म्हटलं की परत फिरे. "बोलू नको म्हना. थेंब टाक."

गेल्या हिवाळ्यात आक्का गेली. शेवटी शेवटी तिला उजेड तेवढा कळे. सांत्वनाला जिल्ह्याचे एक नेते आले, चार गाड्या आणि फोटोवाल्यासकट. आक्कांच्या कार्याविषयी त्यांचं वाक्य अर्ध्यावर असताना नानासाहेबांनी घड्याळाकडे बघितलं, "साहेब, पाच मिनिटं," म्हणाले आणि तिथेच खाटेवर आडवे झाले. बायकोने दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला. त्यांनी डोळे मिटले, थेंब आत मुरावा म्हणून नाकाजवळचे कोपरे बोटांनी दाबून धरले. अंगणात गाड्या सुरूच होत्या. नेते हात जोडून बसून राहिले.

पाच मिनिटं पूर्ण होईपर्यंत नानासाहेबांनी डोळे उघडले नाहीत.