उकंडरावांची ओसरीवरची शाळा

इंद्रभान मास्तर खाटेवर बसले आणि खाट मोडल्यासारखा आवाज झाला. खाट शाबूत होती. मोडल्या त्या कुरड्या. उकंडरावांच्या बायकोनं, भागिरथाबाईंनी, गव्हाचा चीक शिजवून, खाटेवर जुनं लुगडं अंथरून घातलेल्या, उन्हात कडक झालेल्या आणि वरून फडक्यानं झाकलेल्या वर्षभराच्या कुरड्या मास्तरांनी एका बैठकीत निकालात काढल्या.

"उठू नोका आता!" भागिरथाबाई घरातून ओरडल्या. "हालले का राह्यलेल्याबी जातीन. बसले तसेच बसा."

म्हणून मास्तरांनी आपलं सगळं म्हणणं, अंग न हलवता, नवरदेवासारखं ताठ बसून मांडलं. म्हणणं तसं साधं होतं. उकंडरावांनी आपली दोन्ही पोरं शाळेत घालावीत.

साल चौऱ्याहत्तर. केनवडच्या शिवेला चिकटलेल्या त्या गावात दोन मास्तरांची शाळा होती. दुष्काळात शाळेत खायला सुकडी मिळायची, तेव्हा वर्गात पाय ठेवायला जागा नसे. पाऊस बरा झाला, सुकडी बंद झाली आणि तिच्याबरोबर गावाची ज्ञानलालसाही आटली. पट घसरत घसरत अशा काठावर आला की आता दोन डोकी वाढली नाहीत, तर दुसरा मास्तर उचलला जाणार होता. दुसरे मास्तर म्हणजे इंद्रभान. आणि उचलून टाकणार कुठं, तर जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कारंज्याकडच्या धनजला. इंद्रभान मास्तरांची बायको इथं नुकतीच रुळली होती, म्हशीनंही त्यांना नुकतंच ओळखायला सुरुवात केली होती. बायकोची समजूत काढता आली असती, पण म्हैस धनजला येणार नव्हती. शाळा सोडलेली पोरं गुरांमागं आणि मजुरीला लागली होती. गावात शाळेबाहेरची मोकळी डोकी दोनच उरली होती, आणि ती दोन्ही उकंडरावांच्या ओसरीवर बोरू घेऊन बसलेली होती.

उकंडराव हे गृहस्थ पटवारी नव्हते. हे आधी सांगितलेलं बरं, कारण ते स्वतः सांगत नसत. त्यांनी पटवाऱ्याच्या मागं दप्तर उचललं होतं. पुढं जुनी पटवारकी गेली, पटवारी गेला, दप्तरही गेलं, पण खांदा तसाच एका बाजूला कललेला राहिला आणि त्या खांद्यावर एवढी अक्कल साठली की ती कुठं ठेवावी हे उकंडरावांना कळेना. शेवटी त्यांनी ती पोरांच्या डोक्यात ओतायचं ठरवलं.

"शायेत काय शिकवता तुमी?" त्यांनी मास्तरांना विचारलं. "शायेत गेलं पोट्टं का पयले शिव्या शिकते. मंग खरूज आनते. मंग बिडी. लिवनं-वाचनं शिकलंच, तं थे सगळ्यात शेवटी. माह्या घरी पा, शिवी नाही, खरूज नाही."

"खरूज मी काढली, कडुनिंबाच्या पाल्यानं," आतून आवाज आला.

उकंडरावांनी तो ऐकला नाही. घरातून येणारे आवाज न ऐकणं हा त्यांच्या बालसंगोपनाचा पाया होता.

त्यांचा अभ्यासक्रम मोठा पक्का. पावकी, निमकी, पाऊणकी आणि साडेतीनची औटकी, असे अपूर्णांकांचे पाढे. काजळीची शाई, बोरूचं टोक. आणि लिपी एकच, मोडी. बालबोध, म्हणजे शाळेतली देवनागरी, ही त्यांच्या मते हात उचलून उचलून लिहिणाऱ्या आळशी लोकांची लिपी. मोडी आता कुठल्या कचेरीत चालत नाही, हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत होतं. पण कुत्रा उकंडरावांच्या ओसरीवर कधी चढत नसे. शुद्धलेखनाला पुस्तक नव्हतं, म्हणून ते पटवाऱ्याच्या दप्तरातले जुने अर्ज तोंडपाठ म्हणत आणि पोरं लिहून घेत. त्याचा परिणाम असा झाला की सात वर्षांचा गोपीचंद घरात सगळं अर्जाच्या भाषेत मागू लागला.

"मायबाप सरकार," तो चुलीजवळ येऊन म्हणायचा, "सबब आनखी अर्धी भाकर मंजूर व्हावी."

"नामंजूर," भागिरथाबाई म्हणायच्या. "पयले हात धू."

शाळा ओसरीवर ऊन येईपर्यंत चाले. ऊन आलं की गुरुजी घोंगडीवर आडवे होत आणि विद्यार्थी आईच्या गळ्यात पडत. मग त्यांच्या उवा काढणं, नाक शिंकरणं, शेरडामागं पिटाळणं, तापात उशाशी बसणं, हे सगळं चाले. पण ते शिक्षणात धरत नसल्यामुळं त्याचं श्रेय कुणाकडं जात नव्हतं.

"मास्तर, न्या हो पोट्टे," भागिरथाबाई दारात येऊन म्हणाल्या. "पंचफुलाले उद्या पाव्हने पाह्यले आले का पयला सवाल, कितवी शिकली? मी काय सांगू? मौजे मजकूर?"

दहा वर्षांची पंचफुला खांबाला टेकून उभी होती. शाळेची घंटा झाली की तिचं कान टवकारणं सगळ्या आळीला दिसत असे. आताही ती मास्तरांकडं अशी बघत होती की मास्तरांना वाटलं, कुरड्यांवर बसल्याचं सार्थक झालं.

उकंडरावांनी मिशीवरून हात फिरवला. "असं करू. सुट्टी सरून शाया उघडली का तपासाले तुमचा साहेब येते ना? त्याइच्यापुढं बसवतो पोट्टीले. पास झाली, तं तुमी माह्या उंबऱ्याले पुना पाय लावाचा नाही. नापास झाली, तं दोनी पोट्टे तुमचे. माह्या जबानीले गावात कोनी खोटं म्हनत नाही."

"बोलतबी नाही कोनी," भागिरथाबाई म्हणाल्या.

मास्तरांनी होकार दिला खरा, पण घरी येता येता त्यांनी हिशेब मांडला. पोरीला औटकी येत होती. औटकी मास्तरांना येत नव्हती. पोरं हुशार निघावीत म्हणून आयुष्य वेचायची शपथ घेतलेला हा माणूस महिनाभर, एक पोरगी मठ्ठ निघावी म्हणून मारुतीला नारळ बोलत होता.

शाळा उघडली. साहेब रिसोडहून एस.टी.नं आले. उकंडराव धुतलेलं धोतर नेसून, पोरांना पुढं घालून, दप्तराशिवायचा खांदा कलवून हजर झाले आणि वर्गाच्या दारात जावई उभा राहावा तसे उभे राहिले.

साहेबांनी पंचफुलेच्या हातात पाटी दिली. "आपल्या गावाबद्दल चार ओळी लिही, बेटा."

पंचफुलेनं पाटीवर आडवी रेघ ओढली आणि हात न उचलता सरसर लिहीत गेली. उकंडरावांचा खांदा सरळ झाला. साहेबांनी पाटी घेतली, लांब धरली, जवळ धरली, मग हळूच उलटी करून पाहिली.

"हे काय? कानडी आहे का?"

"मोडी हाये साहेब!" उकंडराव हसले. "सरकारचीच लिपी."

"सरकारनं सोडली ती. तुम्ही कशाला धरून बसलात? पोरी, बालबोधात लिही."

पंचफुलेनं मान खाली घातली. "येत नाही."

"पन ताई..." गोपीचंदनं तोंड उघडलं. पंचफुलेनं त्याच्या पायावर पाय दिला आणि तो दाबूनच ठेवला. बिचारी घाबरली, मास्तरांना वाटलं. त्यांचा स्वतःचाच जीव एवढा टांगणीला लागला होता की दुसऱ्याच्या पायाकडं बघायला त्यांना सवड नव्हती.

"नापास," साहेब म्हणाले. "वय बघून तिसरीत बसवा हिला. धाकट्याला पहिलीत." आणि ते चहाकडं वळले.

उकंडराव पोरांना घेऊन घरी गेले. शब्द मात्र त्यांनी पाळला. दुसऱ्या दिवशी पोरांना स्वतः शाळेत आणून सोडलं, वर्गात डोकावून, "पायजा, खरूज लागली तं जिम्मेवारी तुमची," असं बजावलं आणि निघून गेले. पट भरला. मास्तर राहिले, बायको राहिली, म्हैस राहिली.

मधल्या सुट्टीत मास्तरांनी खुशीत येऊन दुकानातून फुटाण्यांची पुडी आणवली. फुटाणे पोरांना वाटले आणि कागद टाकून दिला. थोड्या वेळानं पाहतात तर पंचफुला तो कागद सरळ करून वाचत बसलेली. वर्तमानपत्राचा तुकडा. बालबोध. आणि अडखळत नव्हे. रिकाम्या मैदानात सायकल पळावी तशी पोरगी वाचत होती.

"अगं, तुला येतं?"

पंचफुला दचकली नाही. "येते ना. आळीतल्या पोट्ट्याइच्या पाट्या पाहून शिकली. माय चहापत्तीच्या पुड्या फेकत नाही, मले वाचाले देते. गोपीलेबी शिकवलं मी."

"मग काल साहेबांपुढं येत नाही म्हणालीस?"

"मंग काय करू?" पंचफुला म्हणाली. "येते म्हनली असती, तं बाबांनं आज ओसरीवर बसवलं नसतं का?"

मास्तर तडक उकंडरावांच्या घरी निघाले. त्यांच्या पायात आज निराळंच बळ होतं. उंबऱ्याची अट आता लागू नव्हती. इतक्या दिवसांचा हा शहाणपणाचा डोंगर आपल्या हातानं उलथायचा, या विचारानं त्यांना वाटेत गुदगुल्या होत होत्या.

उकंडराव रिकाम्या ओसरीवर एकटेच बसले होते. बोरूला टोक काढत होते. लिहायला कुणी नव्हतं. आतून भागिरथाबाईंचं पाखडणं ऐकू येत होतं.

"उकंडराव," मास्तर चढ्या आवाजात म्हणाले, "तुमच्या पोरीनं तुम्हाला बनवलं! बालबोध येत असून येत नाही म्हणाली. साहेबाला बनवलं, मला बनवलं आणि शाळेत येऊन बसली. तुमच्या डोळ्यांदेखत, तुमच्याच पैजेत!"

आतलं सूप थांबलं.

उकंडरावांनी बोरू डोळ्यासमोर धरला, टोक पाहिलं. त्यांचा खांदा पुन्हा हळूहळू सरळ झाला.

"मंग?" ते म्हणाले. "एवढी अक्कल काय तुमच्या शायेत एका दिवसात शिकली का थे?"