मानीबाईची सही

मानीबाईला सही मी शिकवली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी मला उगाच भली बाई समजणार नाही.

मी रत्नप्रभा, खैरधऱ्याची ग्रामसेविका. माहेर यवतमाळचं. आजोबा कचेरीत, वडील कचेरीत, मीही कचेरीत. कागदावर असेल ते खरं आणि बाकीच्या गप्पा, हे आमच्या घरात जेवणाच्या पाटावर शिकवलं जायचं. दिग्रसहून स्कूटीने पाऊण तासात मी खैरधऱ्याला पोचते. गावाला टाकी आहे, नळ आहेत, नळाला पाणीही येतं. गावापासून दोन किलोमीटरवर चढावर पूनमसिंग नाईकाचा तांडा आहे. तो आमच्याच ग्रामपंचायतीत येतो, पण नळाची लाइन तांड्यापर्यंत कधी गेली नव्हती. तिथे एक विहीर, आणि उन्हाळ्यात त्या विहिरीत पाणी ओतायला येणारा टँकर, एवढीच सोय.

ग्रामपंचायतीतली तांड्याची सदस्याची जागा बाईसाठी राखीव झाली तेव्हा सरपंच डोमाजीभाऊंनी मानीबाईचं नाव काढलं. लिहिता-वाचता येत नाही, बोलत नाही, नवरा देवीलाल खाली मान घालून शेती करतो. ‘गरीब बाई हाये, जेथी बसवलं तेथी बसते,’ असं ते म्हणाले होते. पहिल्या मासिक सभेला ती खरोखरच खुर्ची सोडून दाराशी खाली बसली. दुसऱ्या सभेत गावातल्या दिव्यांची चर्चा चालली होती, तेव्हा ती उठून उभी राहिली.

“आमच्या तांड्यात नळ कवा?”

तेव्हापासून दर सभेत तेच. विषय स्मशानाच्या शेडचा असो की बाजाराच्या ओट्यांचा, मानीबाई नळावर यायची. एकदा मोकाट कुत्र्यांच्या बंदोबस्ताचा विषय होता. सगळे तिच्याकडे बघून हसायला लागले, की आता काय बोलते. ती शांतपणे म्हणाली, “कुत्र्यायलेबी पानी लागते, भाऊ.” डोमाजीभाऊ इतके हसले की चहा सांडला. पण नळाचा विषय त्यांना इतिवृत्ताच्या पुढच्या पानावर घ्यावाच लागला.

ती एवढी नळाच्या मागे का होती, ते मला हळूहळू कळलं. तिला एक मुलगी होती, सोनू. माझी बदली इथे व्हायच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. लग्न ठरलेलं, सतरा सरून अठरावं लागलेलं. मे महिन्यात टँकरने विहिरीत पाणी ओतलं की तांड्यातल्या साऱ्या बाया काठावर तुटून पडायच्या. त्या रेटारेटीत सोनूचा पाय सुटला. वर काढली तेव्हा घागरीची दोरी हातात तशीच होती म्हणे. मानीबाईने हे मला एकदाच सांगितलं, आणि लगेच म्हणाली, “नळ असता तं पोट्टी घरीच राह्यली असती.” मी तिच्यापुढे पाटी सरकवली.

पाटी म्हणजे आमच्या रद्दी फॉर्मांची कोरी बाजू. सभा संपली की ती अर्धा तास थांबायची. ‘मा’ लवकर आलं. ‘ठ’ने दोन महिने छळलं, राठोडमधला ठ तिच्या हातून दर वेळी उघडाच राहायचा. “तुमच्या ठले बूड नाही,” मी चिडवायची. “तांड्यातला ठ हाय तो, बाई,” ती म्हणायची, “त्याच्यात पानी राहूनच नाही राह्यलं.” मला ती बाई म्हणायची, शाळेतल्या बाईंना म्हणतात तशी. बाकी सगळे मॅडम म्हणत. ज्या दिवशी हजेरीत अंगठ्याऐवजी तिची सही आली, त्या दिवशी तिने पेन परत दिलं नाही. पदराच्या गाठीत बांधून घेऊन गेली.

मग योजना आली. तांड्यासाठी वेगळी टाकी, घरोघर नळ. इंजिनिअरने सांगितलं, टाकी उंचावर पाहिजे, नाहीतर शेवटच्या घराला पाणी चढणार नाही. तांड्यामागे गायरानाचा माळ आहे. कागदावर त्याचे दोन तुकडे आहेत, गट एक्केचाळीस आणि गट बेचाळीस. जमिनीवर मात्र तो एकच माळ, मध्ये ना बांध ना खूण. मी ठरावात एक्केचाळीस घातला होता, कारण रस्ता त्याला लागून आहे.

ग्रामसभेच्या सकाळी डोमाजीभाऊंचा फोन आला. त्यांच्या साळ्याने पलीकडचं शेत अकृषक करून त्यात प्लॉट पाडले होते, आणि त्या लेआउटची वाट एक्केचाळीसमधून काढायची होती. “मॅडम, बेचाळीस टाका. थो तं अखीन उंच हाये.” मी उतारा काढून पाहिला. गायरान, पड, इतर हक्कांत निरंक. म्हणजे त्या जागेवर कुणाचंच काही नाही. मी आकडा बदलला.

आकडा बदलला की नवीन स्थळ पाहणी लागते. वर ऊन मी म्हणत होतं, सभेला दोन तास होते. मी पंख्याखाली बसून लिहिलं, ‘समक्ष स्थळ पाहणी केली. जागा मोकळी व निर्वेध आहे.’ सगळेच असं लिहितात. हे समर्थन म्हणून सांगत नाही, सवय सांगते आहे.

सभेत मी ठराव वाचला. सूचक म्हणून मानीबाईचंच नाव घातलं होतं. तो मान तिचाच होता. तिने हात वर केला.

“बाई, हे बेचाळीस कोठी आलं?”

“तिकडंच, माळावर. एक्केचाळीसच्या बाजूला. आणखी उंच आहे.”

“म्हंजे पानी जोरानं येईन?”

“येईल.”

ती हसली. गाठ सोडून पेन काढलं आणि सही केली. ठ अगदी पक्का बंद. तांड्याच्या बायांनी टाळ्या वाजवल्या, आणि माझा ऊर भरून आला. खरंच भरून आला होता.

माळाच्या प्रत्येक तुकड्याला तांड्यात नाव आहे. मोहाखालचं, ढोरवाटेचं, दगडाचं. गट नंबर तिथे कुणाला ठाऊक नाही, आणि नावं मला ठाऊक नव्हती. आम्ही दोघी एकाच जागेबद्दल बोलत होतो, आणि दोघींनाही ते कळत नव्हतं. मी एकदा माळ चढून गेले असते तर कळलं असतं. तेवढं एक काम माझं होतं.

भूमिपूजनाच्या दिवशी मी लवकर पोचले. त्या माळावर पाय ठेवायची माझी पहिलीच वेळ. कंत्राटदाराच्या माणसांनी फक्कीने चौकोन आखला होता आणि जेसीबी उभा होता. चौकोनाच्या मधोमध दगडांचा लांबट ढीग होता, डोक्याकडच्या दगडाला चुना लावलेला. मला वाटलं, मोजणीची जुनी खूण असेल. मी ड्रायव्हरला म्हणाले, “ते दगड बाजूला घ्या आधी.”

तो शब्द माझा.

त्याने हातानेच दोन दगड उचलून बाजूला ठेवले असतील, तेवढ्यात तांड्याची माणसं वर आली. पुढे मानीबाई, नवं लुगडं, डोक्यावर ओढणी, हातात ताट, ताटात नारळ आणि गूळ. फक्कीच्या रेघेशी ती थांबली. बाया मागे थांबल्या. मी हसून म्हणाले, “या, सूचकबाई.” तिने ताट खाली नीट ठेवलं, आत गेली, ते दोन दगड उचलले आणि जिथले तिथे परत बसवले. बसवताना कोणता कुठे हे तिला शोधावं लागलं नाही.

तेव्हा पूनमसिंग नाईकांनी मला सांगितलं. लग्न न झालेल्या लेकराला त्यांच्यात जाळत नाहीत, मातीत ठेवतात. तांड्यातली बाकी लेकरं खाली मोहाखाली आहेत. सोनूला मात्र मानीबाईने हट्टाने वर आणली होती. “जितेपनी गर्दीनं गेली माही पोट्टी,” म्हणाली होती, “आता तिले मोकयी जागा द्या. सगळ्यात उंच.” आणि टाकीलाही सगळ्यात उंच जागा हवी होती.

देवीलालला मी कधी मोठ्याने बोलताना ऐकलं नव्हतं. तो जेसीबीपुढे जाऊन उभा राहिला आणि ओरडला, “हात लावसान तं पाह्यजा!” ड्रायव्हर खाली उतरून लांब जाऊन बसला. डोमाजीभाऊ घाम पुसत माझ्याकडे बघत होते, जणू मी कागदातून काहीतरी काढून देणार होते.

मानीबाई दगडांजवळ बसूनच म्हणाली, “बाई, थो ठराव फाडता येते का?”

मी खोटं बोलू शकले असते, पण त्या दिवशी मला खरं बोलायची हुक्की आली. ठराव रद्द करता येतो, म्हणाले, पण मंजुरी याच चौकोनाची आहे, तो नुसता सरकवायचा तरी सगळं पहिल्यापासून. पुन्हा ग्रामसभा, पुन्हा जागा, पुन्हा मंजुरी. योजनेची मुदत मार्चला संपते. तोवर झालं नाही तर तांड्याचं काम यादीतून निघेल, आणि परत कधी येईल ते मला सांगता येत नाही.

“म्हंजे औंदाबी टँकर.”

“हो.”

“विहिरीवरच.”

मी मान हलवली. तिने वळून मागच्या बायांकडे पाहिलं. त्यांच्यात तीन-चार पोरी होत्या, सोनूच्याच वयाच्या, डोक्यावर चुंबळ घेतलेल्या, कारण पूजा आटोपून त्यांना पाण्यालाच जायचं होतं. नाईक म्हणाले, “जिची छोरी, तिनं सांगावं.”

“ज्यानं पोट्टी नेली तेच अखीन चालू ठेवू का मी?” मानीबाई म्हणाली. “खोदा. पन मशीन नोको. तिच्या बापानं खोदावं.”

देवीलालने खूप वेळ फावडं हातात घेतलं नाही. तो नुसता ‘नाही, नाही’ म्हणत होता. मग तीच उठली, त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली, आणि त्याने घेतलं.

बंजाऱ्यांत मुलगी सासरी निघाली की आई-बापाच्या गळ्यात पडून गात रडते, त्याला ढावलो म्हणतात. लग्न ठरलं की मुली तो म्हाताऱ्यांकडून शिकून घेतात. सोनू शिकत होती. अर्धाच झाला होता. देवीलालचं फावडं मातीत गेलं तसा मानीबाईने तो ढावलो म्हणायला घेतला. मुलीने म्हणायचा तो आईने. ‘याडी, याडी’ अशी स्वतःलाच हाक मारत होती. एकेक बाई येऊन तिच्या गळ्यात पडत होती आणि सुरात सूर मिसळत होती. बोली मला कळत नव्हती. याडी म्हणजे आई, एवढं कळत होतं, आणि तेवढं पुरे झालं.

जे निघालं ते देवीलालने मानीबाईच्या ओढणीत बांधलं आणि खाली मोहाखाली, बाकी लेकरांच्या गर्दीत, नेऊन ठेवलं. मी पाहिलं नाही. मी पाठ फिरवून उभी राहिले. समक्ष पाहणं मला कधी जमलंच नाही.

टाकी झाली. मुदतीच्या आत झाली. तांड्यात नळ आले, आणि पहिल्या दिवशी पोरींनी एकमेकींवर इतकं पाणी उडवलं की वाटेवर चिखल झाला. मानीबाईच्या दारातही नळ आहे. ती त्याचं पाणी भरते, पिते, मी गेले तर मलाही देते. मला ती एका शब्दानेही बोलली नाही. पंख्याखाली बसून काय लिहिलं होतं ते मी तिला अजून सांगितलेलं नाही. दर वेळी ठरवून जाते, पाण्याचा पेला रिकामा करते आणि परत येते. मला लाज वाटते, पण लाजेने धीर येत नाही.

नंतरच्या सभेत काम पूर्ण झाल्याचा ठराव होता. सूचक मानीबाईच. मी वही तिच्यापुढे सरकवली आणि तिच्या गाठीकडे पाहिलं. गाठ नव्हती. पेन तिने टेबलावर माझ्यासमोर ठेवलं, ते माझंच पेन, आणि शाईचा पॅड स्वतःकडे ओढला.

“मानीबाई, सही येते ना तुम्हाला.”

“येते, बाई. पन अंगठाच बरा. त्याले ठाऊक अस्ते, आपल्याले वाचता येत नाही.”

तिने डावा अंगठा टेकवला आणि पदराला पुसला. अंगठ्याची ओळख लिहावी लागते, तो नियम आहे. मी लिहिलं, ‘निशाणी डावा अंगठा, मानीबाई देवीलाल राठोड. माझ्या समक्ष.’ आणि खाली माझी सही केली. या वेळी मी खरोखर समोर होते.